शिकून काय करशीन? या सवालाची जुनी कथा

बारावीचा निकाल लागला की आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यात पोराले पहिला सवाल हाच येतो, शिकून काय करशीन बावा? आणि त्याचं उत्तरही इचारणाऱ्यानं आधीच धरून ठेवलेलं असतं, नोकरी. पोलीस भरती, तलाठी, नाहीतर एमपीएससी, तालुक्याच्या अभ्यासिका पाहा ना, फुल्ल. मग एखादा पाहुणा स्टेजवर येऊन सांगतो की शिक्षण पोटासाठी नसतं, माणूस घडवण्यासाठी असतं, आणि समोर बसलेला बाप मनात म्हणतो, तुमाले पगार हाये साहेब. मला त्या बापाचं पटतं. पण या भांडणाचा बराच मोठा भाग आपल्याच मातीत झालेला आहे आणि तो आपल्यालाच धड माहीत नसतो, म्हणून लिहितोय.

शिक्षण म्हणजे नोकरी ही गाठ सरकारनंच मारून दिली. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगनं ठरवून टाकलं की सरकारी जागा भरताना इंग्रजी शिकलेल्याला आधी घ्यायचं, दहा वर्षांनी वुडचा खलिता, म्हणजे इथलं शिक्षण कसं चालवायचं याचा इंग्लंडहून आलेला आदेश आला, आणि मधल्या काळात १८५३ ला वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडं आलं होतं. म्हणजे आपल्याकडं सरकारी शाळा आली तीच कापूस, रेल्वे, कचेरी अन् कचेरीतला कारकून या वरातीत.

याला पहिला खणखणीत जबाब जोतीराव फुल्यांचा, १८८२, शिक्षणाची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या हंटर कमिशनपुढं. शेतसारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशात शिकतात वरच्या जातीची पोरं, हे त्यांनी सरळ मांडलं. वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले, आणि शिकवायचं काय तर मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य, नीती. ही यादी नीट पाहिली की कळतं की यात हिशोब आहे म्हणजे सावकार फसवणार नाही, शेती आहे म्हणजे वावर कळेल, आणि नीतीही आहे. पोट एकीकडं अन् माणूस दुसरीकडं अशी वाटणी त्यांनी केलीच नाही, ती नंतरच्या लोकांनी केली.

पुढं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ ला इंग्रजांच्या केंद्रीय कायदे कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं, ते पडलं, ३८ विरुद्ध १३ मतांनी. १९२७ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेब बोलले ते मात्र आजच्या फी वाढवणाऱ्यांना वाचून दाखवावं असं आहे. शिक्षण खातं म्हणजे इतका पैसा टाकला तर इतका परत आला पाहिजे असा हिशोब लावायचं खातं नाही, शिक्षण होईल तितकं स्वस्त करा, असा त्यांचा मुद्दा. शाळेत गेलेल्या १०० पोरांतली फक्त १८ चौथीपर्यंत टिकतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हा आकडा त्यांनी तिथंच ठेवला.

आता वर्धा. २२-२३ ऑक्टोबर १९३७ ला इथं शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी, जे वर्षभर आधीच शेगावला म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले होते. त्यातून झाकीर हुसेन समिती आणि नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकायची योजना. सात वर्षं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेत, आणि मधोमध एक हस्तोद्योग. समितीच्या वेळापत्रकात शाळेचे रोजचे साडेपाच तास, त्यातले ३ तास २० मिनिटं उद्योगाला, भाषेला ४० मिनिटं. कल्पना अशी की पोरगं टकळीवर सूत काततं तेव्हाच कापूस कुठं पिकतो हा भूगोल, धागा किती निघाला हे गणित अन् आपला कापूस मँचेस्टरला कसा गेला हा इतिहास शिकून जातं. माझ्या मते हे फारच भारी डोकं होतं, वावराच्या मधोमध असलेल्या शाळेत आजही कपाशीवर बोलायचं म्हटलं तर पुस्तकातलं चित्रच दाखवतात.

पण गोम होती. पोरांच्या मालातून मास्तरचा पगार निघावा असं गांधीजींचं म्हणणं, आणि अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी त्याच परिषदेत हरकत घेतली, की शाळेचा माल बाजारात आला तर गावच्या कारागिरानं काय करायचं? म्हणजे बाजाराच्या पलीकडचं शिक्षण काढायला बसले अन् पहिलीच अडचण बाजाराची. मध्य प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजनाही तेव्हाचीच, शाळेला जमीन जोडायची अन् तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, ती नावातल्या 'मंदिर' शब्दावरूनच वादात सापडली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्या घरात पिढ्यान् पिढ्या हातानंच राबले, त्या घराला पोरानं शाळेतही तेच करावं हे कसं पटावं? साहेबाचं पोरगं कॉन्व्हेंटात अन् आमचं टकळीवर, असं वाटलं तर त्यात वावगं काय होतं.

म्हणूनच पंजाबराव देशमुखांचा रस्ता लोकांना जवळचा वाटला असावा. १९३२ ची अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था, कुणब्याच्या पोराला वसतिगृह, हायस्कूल, पुढं कॉलेज. गाडगेबाबा कीर्तनातून ओरडून सांगत की ताटं विका, हातावर भाकर खा पण पोरं शिकवा. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत जीवन शिक्षणावर अख्खा अध्याय घातला. यातल्या कोणालाच नोकरीचं वावडं नव्हतं, पण शिकलेला गावाला परत काहीतरी देईल हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं पातळ होत गेलं. कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभव, म्हणजे शाळेत हातानं काम करायचा विषय सुचवला, आमच्या शाळेत त्याचं झालं कागदाची फुलं अन् मार्क. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं, मग गल्लोगल्ली डीएड, वावर विकून किंवा गहाण ठेवून फी भरलेली घरं आपल्याला माहीतच आहेत. दिल्लीत १९८५ ला शिक्षण मंत्रालयाला मनुष्यबळ विकास म्हणायला लागले, ते २०२० ला परत शिक्षण झालं, पण पाटी बदलून कॉलेजची फी कमी झाल्याचं काही ऐकलं नाही.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलं. तिथं गावचे लोक अन् बाहेरचे जाणकार एकत्र बसून अभ्यासगट चालवतात, जंगल, कायदा, हिशोब, जे लागेल ते. सर्टिफिकेट नाही, परीक्षा नाही. २००९ ला त्यांनी सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा एकत्र हक्क मिळवला, २०११ ला आपल्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेकडं आणला, आणि मग बांबू विकून पैसेही कमावले.