कॅल्शियम वाढलं, पण कॅन्सर नव्हे

कुत्रा चार दिवस जेवत नाही, उलट्या करतो, मलूल पडून राहतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम वाढलेलं, किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिनही वाढलेलं. कुत्र्यांमध्ये वाढलेल्या कॅल्शियममागे बहुतेकदा कॅन्सर असतो, त्यामुळे पशुवैद्यांच्या मनात आधी लिम्फोमाची (लसिका संस्थेच्या कॅन्सरची) शंका येते, मग किडनी निकामी झाल्याची. घरच्यांचा धीर तिथेच सुटतो. पण आणखी एक कारण शक्य असतं, आणि ते वेळेवर सापडलं तर कुत्रा वर्षानुवर्षं छान जगतो. ते म्हणजे ॲडिसनचा आजार.

दोन्ही किडन्यांजवळ एकेक छोटी अधिवृक्क ग्रंथी असते. ती बिघडल्यावर माणसाला काय होतं, हे लंडनच्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली लिहून ठेवलं. कुत्र्यात बहुधा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या ग्रंथींवर उलटते. मग त्यांत तयार होणारी कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स कमी पडतात. सोडियम आणि पाणी लघवीवाटे निघून जातं, पोटॅशियम साचतं.

अशा कुत्र्यांपैकी साधारण ३० टक्क्यांत कॅल्शियमही वाढतं. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा यात सहसा हात नसतो. अंगातलं पाणी आटलं की किडनी उरलंसुरलं सोडियम परत खेचते आणि त्याच्याबरोबर कॅल्शियमही रक्तात परत येतं. शिवाय आतड्यातून होणारं कॅल्शियमचं शोषण आवरणारं कॉर्टिसॉल जागेवर नसतं.

खुणा असतात, फक्त बघायला हव्यात. कुत्रा कोसळलेला, तरी हृदयाचे ठोके मंद. हा वाढलेल्या पोटॅशियमचा परिणाम. सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर २७ पेक्षा कमी. कधी मात्र हे क्षार अगदी नॉर्मल असतात आणि आजार निसटतो. म्हणून कॅल्शियमचं कारण कळत नसेल तर कॉर्टिसॉलची तपासणी मागून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. ते कमी आलं तर एसीटीएचचं (अधिवृक्क ग्रंथीला कामाला लावणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन देऊन ग्रंथी प्रतिसाद देते का, ते पाहतात. निदानाआधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देण्याची घाई नको. त्याने ही तपासणी चुकते आणि लिम्फोमाही झाकला जातो.

सलाईन आणि स्टेरॉइड सुरू झालं की कॅल्शियम बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं, त्यासाठी वेगळं औषध लागत नाही. पुढे औषधं जन्मभर चालतात. प्रवासात किंवा दिवाळीच्या फटाक्यांत कुत्रा घाबरणार असेल, तर पशुवैद्यांना विचारून प्रेडनिसोलोनचा डोस आधीच वाढवून ठेवतात.