भाजलं की खोबरेल: एका सवयीची पार्श्वभूमी

सोलापुरात भाजण्याची कारणं ऋतूप्रमाणे बदलतात. थंडीत हुरड्याच्या आगटीतला निखारा, उन्हाळ्यात दुचाकीचा सायलेन्सर, आणि बारा महिने कढईतलं करडईचं तेल. कापडाच्या कारखान्यांत त्यात सुताला लावायच्या उकळत्या खळीची भर पडते. सल्ला मात्र सगळीकडे एकच: "खोबरेल लाव."

सवय जुनी आहे, पण जुन्या ग्रंथात ती इतकी सरसकट नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय अग्निकर्माचा, म्हणजे उपचार म्हणून डाग देण्याचा. त्यात भाजण्याचे चार प्रकार आहेत: रंग बदलतो ते प्लुष्ट, फोड येऊन भयंकर आग होते ते दुर्दग्ध, ताडफळाच्या रंगाचं पण खोल न गेलेलं ते सम्यग्दग्ध, आणि मांस लोंबू लागतं ते अतिदग्ध. त्याआधी आणखी एक भेद केलाय, आगटी आणि कढई यांच्यातला म्हणा ना: कोरड्या वस्तूने भाजलेलं आणि स्निग्ध वस्तूने भाजलेलं. तापलेला स्नेह, म्हणजे तेल-तूप, बारीक शिरांतून आत शिरतो, म्हणून तिथे वेदना जास्त. आणि त्यावर उपचार रूक्ष, म्हणजे तेल-तुपाविना कोरडा करावा, असं ग्रंथ सांगतो. म्हणजे भजी तळताना उडालेल्या तेलावर पुन्हा तेल चोळायला सुश्रुताचा आधार नाही. तूप आहे, पण ते दुर्दग्धावर थंड लेपासाठी आणि सम्यग्दग्धावर चंदन, गेरू, गुळवेलीबरोबर. प्लुष्टावर मात्र ग्रंथ शेक सांगतो, थंड पाण्याने रक्त गोठतं म्हणून. हे आज मुळीच करू नये.

युरोपात जर्मन शल्यचिकित्सक फाब्रिसियस हिल्डानसने 1607 मध्ये भाजण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. तेलाचा तिथला प्रसिद्ध प्रयोग स्कॉटलंडमधल्या कॅरनच्या लोखंड कारखान्याच्या नावाने ओळखला जातो: जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी समभाग घेऊन हलवायचं. चुना तेलातल्या आम्लांशी मिळून साबण होतो आणि मिश्रण सायीसारखं दाटतं. आपल्याकडचं निवळी-खोबरेल त्याच जातीचं. थर बसला की उघड्या पडलेल्या नसांना हवा लागत नाही, ठणका कमी होतो. लोकांचा विश्वास बसला तो इथे. घोटाळाही इथेच. निवळीबरोबर तळचा गाळ आला तर चुनाच कातडी खातो. तेल निर्जंतुक नसतं, त्यामुळे खाली जखम चिघळते. शिवाय दवाखान्यात जखम किती खोल आहे ते तपासण्यासाठी ते सगळं खरवडून काढावं लागतं, आणि ती वेदना वेगळीच.

या इतिहासात सोलापूरचंही एक पान आहे. इथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये 104 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरवर भाजलेल्यांपैकी निम्म्यांना मधाच्या पट्ट्या, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावरचं जंतुनाशक औषध. 15 दिवसांत मधाच्या गटात 87 टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटात 10 टक्के. पण ती रुग्णालयातली, देखरेखीखालची पट्टी होती; डब्यातला मध बोटाने फासणं नव्हे.

पहिला उपचार पाणीच: 20 मिनिटं, आणि भाजल्यापासून तीन तासांच्या आत कधीही उपयोगी. बर्फ नको, त्याने कातडीचा रक्तपुरवठा आणखी आखडतो. इथली अडचण वेगळी. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वतःच कढत येतं, आणि नळाला पाणी रोज नसतं. घरातल्या पिंपाचं पाणी बादलीत काढा, भाजलेला भाग परातीवर धरा आणि तांब्याने संथ ओतत राहा. परातीतलं पाणी झाडांना जाईल. अंगठी, बांगड्या सुजेआधी काढा. फोड फोडू नका. कॉस्टिक सोडा सांडला असेल तर पाणी तासभर लागतं, कारण क्षार आत झिरपत राहतो. चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधे, जननेंद्रिय, विजेचा धक्का, लहान मूल, किंवा पांढरट, चामड्यासारखी झालेली आणि न दुखणारी जागा असेल तर थेट रुग्णालय गाठा. न दुखणं हे तिथे वाईट लक्षण आहे, वेदना कळवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात.

मग खोबरेल कधी? जखम पूर्ण मिटून, पापुद्रा सुटून गुलाबी कातडी आली की. तिथल्या तेलग्रंथी नीट काम करत नाहीत, म्हणून ती कोरडी पडते आणि खाजते. चार थेंब, दिवसातून दोन-तीनदा, पाच मिनिटं. घासायचं नाही, बोटाने दाबत फिरवायचं. घासलं तर नवी कातडी खालून सुटते आणि पाण्याचा फोड येतो. तो आला तर तो सुकेपर्यंत तेल बंद. बाहेर पडताना जागा सुती कापडाने झाका, नाहीतर सोलापूरच्या उन्हात तो डाग काळा पडतो.