इसारचिठ्ठी आणि रजिस्ट्री : लेआउटवाल्याचं दिवाळं निघालं तर

समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाण्यातून गेला आणि आसपासच्या वावरांत चुन्याच्या रेघा पडल्या. कोणाच्या हाती भूसंपादनाचे पैसे होते, कोणाच्या हाती कापसाचे. "घेतला ना प्लॉट," असं दोघं कास्तकार सांगतात. पण एकाच्या पेटीत इसारचिठ्ठी असते, दुसऱ्याच्या पेटीत रजिस्ट्री. वावराचे प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्याचं बरं चाललंय तोवर या फरकाचं कोणाला काही वाटत नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 54 नुसार इसाराचा करार हे फक्त विकायचं वचन आहे. त्यानं जमिनीत हक्क येत नाही. नोटरी करा, चार साक्षीदार घ्या, तारेचं कुंपण घाला, मालक लेआउटवालाच राहतो. मालकी बदलते ती नोंदणी झालेल्या खरेदीखतानं, म्हणजेच रजिस्ट्रीनं.

आता त्यानं हात वर केले समजा. गावात त्याला दिवाळं म्हणतात, कायद्यात मात्र कोर्टानं ठरवल्याशिवाय कोणी नादार होत नाही. तसा आदेश झाला की त्याची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते. इसारवाल्याचा प्लॉटही त्यातच, कारण तो त्याच्याच नावाचा! रजिस्ट्रीवाल्याचा प्लॉट आधीच बाहेर पडलेला असतो. इसारवाल्याचे हात अगदीच रिकामे नसतात म्हणा. कलम 55 प्रमाणे दिलेल्या रकमेपुरता त्या जमिनीवर त्याचा बोजा राहतो, पण रक्कम दिल्याचा पुरावा हवा. पावतीशिवाय रोख मोजलेले लाख कोर्टात कसे दाखवणार? खरेदीखत करून मिळावं म्हणून दावा लावायलाही ठरलेल्या तारखेपासून 3 वर्षंच मिळतात.

लेआउटवाला कंपनी असेल तर 2016 ची दिवाळखोरी संहिता लागते. 2018 च्या दुरुस्तीनं प्रकल्पातले खरेदीदार आर्थिक धनको, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेसारखे येणेकरी ठरले, प्लॉटवालेही त्यात आले. मात्र कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करायला एका प्रकल्पातले 100 जण किंवा 10 टक्के, जे कमी असेल तेवढे एकत्र यावे लागतात. आपल्याकडचे बहुतेक लेआउटवाले मात्र एकटे नाहीतर दोघं-तिघं भागीदार. कंपनीच्या कर्जाचे जामीनदार सोडले तर व्यक्तींसाठीचा त्या संहितेचा भाग अजून लागूच झालेला नाही. म्हणून त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालय आणि 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. शंभर वर्षांहून जुना, पण चालू आहे.

रजिस्ट्रीवाल्यानंही लगेच निश्चिंत होऊ नये. लेआउटवाल्यानं ती जमीन आधीच बँकेत गहाण ठेवली असेल, तर रजिस्ट्रीनं तो बोजा उतरत नाही. सातबाऱ्याचा इतर हक्कांचा रकाना पाहूनच पैसे मोजायचे. शिवाय 1920 च्या कायद्यात नादारीच्या आधीच्या 2 वर्षांतले व्यवहार उलटवता येतात. नेकीनं, योग्य मोबदला देऊन घेतलेल्याला त्यातून सूट आहे. भाच्याच्या नावे मातीमोल भावात करून दिलेला प्लॉट मात्र यात सापडतो.

लेआउटची जागा 500 चौरस मीटरहून मोठी आणि प्लॉट 8 पेक्षा जास्त असतील, तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणी लागते. अशा लेआउटमध्ये विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. चिठ्ठीवर निम्मे पैसे मागणाऱ्याला आधी महारेराचा नंबर विचारा.