भाकर आणि ऋण : मराठवाड्यातल्या ख्रिस्ती चिंतनामागचा इतिहास

प्रभूच्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस देवाकडे भाकर मागतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ येशूच्या मुलखातली भाकर गव्हाची नाहीतर सातूची होती. मराठी भाषांतरात पाव आला नाही, पोळी आली नाही, भाकर आली. लगेच पुढची ओळ ऋणाची आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ इथे ऋण म्हणजे पाप, अपराध, असं उपदेशात समजावून सांगतात आणि ते बरोबरच आहे. तरी मत्तयाच्या मूळ ग्रीकातला शब्द देण्या-घेण्याचाच आहे, आणि मराठीने तो तसाच ठेवला. बीड, जालना, परभणीकडच्या कोरडवाहू गावात या दोन ओळी म्हणताना कुणाला रूपक आठवत नाही. आधी घरातली कणगी आठवते, मग सोसायटीचं कर्ज.

मराठवाड्यात रविवारच्या उपदेशात, भजनात, घरोघरच्या प्रार्थनासभेत रोजच्या जगण्याबद्दल आणि आजूबाजूच्या घडामोडींबद्दल जे चिंतन चालतं, ते या दोन ओळींभोवती वाढलेलं आहे. भाकरीचा भाग जुना आहे, म्हणून आधी तो.

त्याची सुरुवात एका टोमण्याने होते : ‘पोटासाठी बाटले.’ इथल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत तीन-चार पिढ्या मागे गेलं की हा टोमणा सापडतोच, आणि त्याच्या मागे एखादा दुष्काळ. १८७६–७८चा दुष्काळ, मग १८९६–९७चा, त्यावर १८९९–१९००चा. टोमणा मारणाऱ्याला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. ती शंका योहानाच्या शुभवर्तमानात खुद्द येशूनेच बोलून दाखवली आहे : भाकरी खाऊन तुमचं पोट भरलं म्हणून तुम्ही मला शोधत आलात. त्याच अध्यायात थोडं आधी त्याने पाच हजारांना जेवू घातलेलं आहे. म्हणजे जेवू घातलं आधी, प्रश्न विचारला नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि मराठवाड्यातलं मिशनचं काम बरंचसं याच क्रमाने झालं.

त्या कामाचं एक मोठं ठाणं जालना. मुलूख निजामाचा, पण जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची, छावणी होती. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम घेऊन इथे आले ते रेव्हरंड नारायण शेषाद्री, मूळचे देशस्थ ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा गदारोळ उठला होता. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा आईबापांच्या ताब्यात आला. पण मिशनघरात जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मुंबईचे शास्त्री-पंडित हातघाईवर आले. घ्यावं, असं म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते, आणि त्यापायी त्यांनाही बोलणी खावी लागली. वाद शेवटी आला तो पोराने कुणाच्या हातचं खाल्लं यावर. भाकर तिथेही सुटली नाही.

जालन्यात शेषाद्रींचं म्हणणं ऐकलं ते प्रामुख्याने मांग समाजाने. दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचं एक गावच वसवलं गेलं. नाव ठेवलं बेथेल. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब रानात धोंडा उशाला घेऊन झोपतो, स्वप्नातून जागा होतो आणि त्या जागेला हे नाव देतो. अर्थ, देवाचं घर. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव द्यायचं ज्याला सुचलं, त्याने बायबल नुसतं पाठ केलेलं नव्हतं.

औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी बरीच वर्षं सांभाळलं, ते जन्माने पारशी. ‘गोऱ्या साहेबाने येऊन बाटवलं’ ही गोष्ट सांगणाऱ्याला जालन्याचा देशस्थ आणि औरंगाबादचा पारशी दोघेही अडचणीचे आहेत. कॅथलिकांचं काम गंगापूर-वैजापूर पट्ट्यात वाढलं, घोगरगावसारखी ठाणी झाली; औरंगाबादचं स्वतंत्र धर्मप्रांत व्हायला मात्र १९७७ साल उजाडलं.

नव्या मंडळ्यांपुढे, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समूहांपुढे, पहिले नैतिक प्रश्न आले ते कुठल्याही परदेशी ग्रंथात नव्हते. बाप्तिस्मा घेतलेल्या मांगाने मरीआईच्या जत्रेत हलगी वाजवायची की नाही? मिशन म्हणायचं, मूर्तीपुढे वाजवू नका. पण हलगी हा हक्क होता. त्यावर बलुतं मिळायचं, खळ्यावरचं धान्य मिळायचं. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, त्याचं मांस खायचं सोडलं, तर गावकी पाणी तोडायला मोकळी. म्हणजे ज्याला ‘पोटासाठी बाटला’ म्हणून हिणवलं जात होतं, त्याच्या पोटावर पाय यायचा तो धर्म पाळताना. या कोंडीचं उत्तर गावोगाव वेगवेगळं निघालं. कुणी हलगी खुंटीला टांगली. कुणी लग्नाला वाजवीन, देवळापुढे नाही, अशी मधली वाट काढली. कुणी दोन्हीकडे हजेरी लावली. पुढे तीच हलगी ख्रिस्ती भजनात आणि नाताळच्या मिरवणुकीत वाजू लागली, हे ज्यांनी ती टांगून ठेवायला सांगितली त्यांना आवडलं असतं की नाही, देव जाणे.

हे सगळं लिहून निघण्याची जागा म्हणजे ‘ज्ञानोदय’. अमेरिकन मराठी मिशनने हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू केलं. सुरुवातीच्या अंकांत हिंदू धर्मावर टीका भरपूर आहे, काही वेळा उगाच बोचरी. पण बातम्या, विज्ञान, समाजातल्या प्रश्नांची चर्चा हेही त्यात आहे. १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच पत्राने पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई नावाच्या मांग विद्यार्थिनीचा निबंध छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. वय चौदाच्या आसपास. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा देवालाच सवाल आहे. ती ख्रिस्ती नव्हती. तरी मराठी ख्रिस्ती चिंतनाच्या वंशावळीत मी तिला पहिल्या ओळीत बसवीन, कारण धर्माचा विचार घरातल्या भुकेपासून सुरू करायचा धडा तिने घालून दिला. जालन्याच्या मांगवाड्यात शेषाद्री बोलू लागले ते यानंतर काही वर्षांनी.

भाषेचं काम रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केलं. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१९ साली ते गेले. मधल्या काळात मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंग मिळाला. कीर्तनाची वाट त्यांच्याआधीच नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी घालून दिली होती. निजामी राज्यात कारभाराची भाषा उर्दू. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत मराठी वाचणं-लिहिणं टिकलं त्यात मिशनची शाळा आणि भजनाचं पुस्तक यांचा वाटा मोठा. ही वाट पुढे कुठवर गेली ते जानेवारी २०२०मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला दिसलं. ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईचे, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, आणि या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड झाल्यावर विरोध झाला, जुने आरोप नव्याने निघाले. संमेलननगरीला नाव होतं संत गोरोबाकाकांचं.

स्वातंत्र्यानंतर भाकरीचा प्रश्न कागदावर आला. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य गेलं, आणि १९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदूखेरीज अन्य धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचा म्हणून मानलं जाणार नव्हतं. १९५६ साली शिखांना सूट मिळाली, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले. सुसै नावाच्या मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराची याच अटीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात १९८५ साली फेटाळली गेली. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा असं सांगितलं, २०२२ साली याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. आदेश आजही तसाच आहे.

याचा घरातला परिणाम असा की रविवारी मंडळीत एक नाव आणि सोमवारी दाखल्यावर दुसरं. घरात मुलाचं नाव दानिएल, शाळेच्या दाखल्यात दिलीप. यावर पाळक काय बोलणार? खोटं बोलू नका ही आज्ञा आहेच. पण शिष्यवृत्ती गेली तर पोरगी बारावीनंतर घरी बसणार, हेही समोर दिसतं. मी ऐकलेले बहुतेक पाळक या विषयावर गप्प राहतात, आणि त्या गप्पपणाला भित्रेपणा म्हणायची माझी जीभ रेटत नाही. ज्या व्यवस्थेने जात पाहून वाळीत टाकलं, तिनेच धर्म पाहून जात नाकारली. मग त्या दाखल्यावर खरं काय ते कुणी ठरवायचं?

१९७२च्या दुष्काळाबद्दल फार लिहीत नाही. मदतीची सुकडी, लाल मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं, हे सगळ्यांच्याच आठवणीत आहे. एक फरक मात्र नोंदवावासा वाटतो. पूर्वीच्या दुष्काळांत मदत आणि बाप्तिस्मा शेजारी-शेजारी उभे दिसायचे. १९७२पर्यंत चर्चमध्येच यावरची आत्मपरीक्षा बरीच पुढे गेली होती, आणि भुकेल्याला ‘सुखाने जा’ म्हणून कोरड्या हाताने पाठवू नका, हे याकोबाच्या पत्रातलं वचन आता जातधर्म न पाहता वाचलं जाऊ लागलं.

ऋणाची ओळ पुढे आली ती नव्वदच्या दशकापासून, शेतकरी आत्महत्यांबरोबर. इथे ख्रिस्ती परंपरेला स्वतःचंच जुनं पान उलटावं लागलं. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या धर्मविधानात, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चच्या विधीने मूठमाती नाकारलेली होती. १९८३च्या नव्या विधानातून ती बंदी गेली. पुढे आलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की अतीव मनस्ताप आणि भय माणसाची जबाबदारी कमी करतात, आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये. नियम रोममध्ये बदलला, पण त्याचा अर्थ कळतो तो औषध पिऊन गेलेल्या माणसाच्या दारात उभं राहिल्यावर. पाप कुणाचं, हा प्रश्न तिथे विचारायचा झाला तर दाराबाहेर बरेच जण सापडतात : बियाणेवाला, सावकार, बँक, न आलेला पाऊस, आणि लग्नात मोठेपणासाठी खर्च करायला लावणारे आपणच.

पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणाविषयीचं परिपत्र जून २०१५मध्ये आलं. शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे आणि गरिबांना तो न मिळणं हे जगावरचं मोठं सामाजिक ऋण आहे, असं त्यात म्हटलं आहे. वर्षभरात, एप्रिल २०१६मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. याच भागात ऊस उभा होता. परिपत्रातलं ते वाक्य लातूरकरांना समजावून सांगावं लागलं नसतं.

आणि ऊस म्हटला की उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, आली. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि गळीत संपेपर्यंत फडावर, पाचटाच्या कोपीत. त्यात ख्रिस्ती घरंही आहेत. नाताळ नेमका हंगामाच्या ऐन भरात येतो. गावातल्या चर्चवर चांदणी लागते, गव्हाणी सजते, आणि निम्मे बाक मोकळे. जन्माची गोष्ट वाचली जाते, नाव नोंदवायला परगावी निघालेलं जोडपं आणि उतरायला जागा नसल्याची. ज्यांना ती सगळ्यात लवकर कळली असती, ते त्या रात्री सांगली-कोल्हापूरकडे बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर मोळ्या चढवत असतात. परत येतात ते पाडव्याच्या आगेमागे. उचल फिटलेली असली तर बरं, नाहीतर बाकी पुढच्या सालावर. मग ईस्टरच्या रविवारी बाक भरतात, आणि ती प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. भाकरीची ओळ होते, ऋणाची येते.