ॲसिडिटीची गोळी उपाशीपोटीच का?

मागच्या महिन्यात मावशीकडे जेवायला होतो. जेवण आटोपल्यावर तिने ओमेप्राझोल या ॲसिडिटीवरच्या औषधाची कॅप्सूल उघडली, आतले बारीक पांढरे दाणे चमच्यात ओतले, दुसऱ्या चमच्याने नीट चेचले आणि मधातून चाटले. "अख्खी गिळवत नाही रे मला. आणि पित्त जेवल्यावरच खवळतं ना!" तिची अडचण खरी होती, पण औषध मात्र दोन्ही बाजूंनी वाया गेलं होतं.

मुळात आपण ज्याला 'पित्त' म्हणतो ते बहुतेक वेळा पित्त नसतं. पित्तरस यकृतात तयार होतो आणि तो किंचित अल्कधर्मी असतो. छातीत जळजळतं ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल अन्ननलिकेत वर चढल्याने. हे आम्ल जठराच्या अस्तरातल्या भित्तिपेशी तयार करतात. या पेशींच्या पटलात, म्हणजे पातळ आवरणात, प्रथिनांचे पंप असतात. ते एटीपी या पेशीतल्या इंधन-रेणूची ऊर्जा खर्चून पोटॅशियम आत घेतात आणि हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, पेशीतल्या बारीकशा नळीत ढकलतात. आम्लता सामूत (पीएच) मोजतात, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. रक्ताचा सामू ७.४, आणि या नळीचा जवळपास १. सामूचा एक अंक म्हणजे दहा पट, तेव्हा नळीतल्या प्रोटॉनांची दाटी रक्ताच्या पंचवीसएक लाख पट होते. एवढी आम्लता शरीरात दुसरीकडे कुठेही नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे.

१९७६ साली आलेलं शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांचं सिमेटिडीन हे औषध पेशीला मिळणारा 'आम्ल बनव' हा हिस्टामिन या रसायनाचा निरोप अडवायचं. पण पेशीला निरोप इतर वाटांनीही येतात. स्वीडनमधल्या हेसले या औषध कंपनीच्या संशोधकांच्या हाती आम्ल थोपवणारी रसायनं लागली होती, ती नेमकी कुठे काम करतात हे मात्र उलगडत नव्हतं. अमेरिकेत जॉर्ज सॅक्स हे शास्त्रज्ञ त्याच सुमारास या पंपाचा अभ्यास करत होते. दोन्ही धागे जुळले. १९७९ मध्ये ओमेप्राझोल तयार झालं आणि १९८८ मध्ये बाजारात आलं.

ओमेप्राझोलचा रेणू स्वतः पंपाला काहीच करत नाही. आतड्यातून तो रक्तात शिरतो आणि अंगभर फिरतो. रक्तात त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून पेशींच्या पटलांतून तो सहज आत-बाहेर करतो. फिरत फिरत भित्तिपेशीच्या त्या नळीत पोचला, की तिथला प्रोटॉन त्याला चिकटतो. आता तो भारित झाला, आणि भारित रेणूला पटल ओलांडून परत जाता येत नाही. असे रेणू अडकत जातात आणि रक्तातल्यापेक्षा सुमारे हजार पट साठतात. मग त्या आम्लातच रेणूची रचना बदलते आणि सल्फेनामाइड नावाचं क्रियाशील रूप तयार होतं. त्यातलं गंधक पंपाच्या प्रथिन-साखळीतल्या ८१३ व्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाशी बंध जोडतं. आपल्या केसांना बळकटी देणारा गंधक-गंधक बंध असतो, त्याच जातीचा हा बंध. पंप जाम! पंपाने ओतलेल्या आम्लानेच पंपाचा घात करणारं रसायन घडवलं, भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर पडावा तसं. पेशीला आता नवा पंप बांधावा लागतो. म्हणून औषधाचं रक्तातलं प्रमाण तासाभरात निम्म्यावर आलं तरी परिणाम दिवसभर टिकतो.

आता मावशीचा चमचा. त्या दाण्यांवर जठरात न विरघळणारं आवरण असतं. दाणे चेचले, की औषधाला जठरातल्या आम्लातच जाग येते आणि रक्तात पोचण्याआधीच ते नासतं. दुसरी चूक वेळेची. पेशी निवांत असताना पंप आतल्या बारीक पिशव्यांत पडून असतात, अन्न आलं की पृष्ठभागावर येऊन कामाला लागतात. औषध फक्त चालू पंपांवर बसतं. म्हणून ते नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं, म्हणजे पंप सुरू होतात तेव्हा रक्तात औषध हजर असतं. तरी काही पंप निसटतातच, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात.

'पित्तावर रामबाण' म्हणून महागडं अल्कधर्मी पाणी विकलं जातं, त्याचाही हिशोब मांडतो. नुसता सामू धरला, तर सामू ९ असलेलं लिटरभर पाणी सामू १ असलेलं जेमतेम ०.१ मिलिलिटर आम्ल उदासीन करतं. म्हणजे दोन थेंब!

मावशी ही कॅप्सूल स्वतःच्या मनाने तीन वर्षं घेते आहे, ही मला खरी काळजी. आम्ल घटलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं आणि आम्ल बनवण्याची ताकद वाढत जाते. औषध थांबवलं की ती एकदम उफाळते. डेन्मार्कमध्ये पोटाची काहीही तक्रार नसलेल्या १२० जणांवर एक प्रयोग झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना आठ आठवडे याच कुळातलं औषध दिलं. ते बंद केल्यावरच्या महिन्याभरात त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर किंवा अपचनाचा त्रास झाला. औषध न घेतलेल्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. मावशीनेही मध्ये दोनदा गोळी सोडून पाहिली होती. चौथ्या दिवशी छाती पेटली, म्हणून पुन्हा सुरू केली. या सोमवारी मी तिला डॉक्टरांकडे घेऊन चाललो आहे, मात्रा हळूहळू कशी उतरवायची ते विचारायला.