घाम गळतो तेव्हा वाया जातो

हॉट योगाचं, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीत करायच्या योगासनांचं, नाव काढलं की एखादा नागपूरकर हमखास म्हणतो, पैसे कशाला मोजायचे, मे महिन्यात दुपारी गच्चीवर सतरंजी टाका. विनोद म्हणून झकास, पण भौतिकशास्त्र वेगळं सांगतं. पहिल्यांदा हॉट योगाच्या वर्गाला जाणाऱ्याने काय प्यावं, काय घालावं, कुठे उभं राहावं हे सगळं त्या फरकातूनच ठरतं.

या प्रकाराला जगभर नेलं ते मूळ कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी, तेही अमेरिकेतून. त्यांच्या साच्यात २६ आसनं, २ श्वसनाचे प्रकार, ९० मिनिटं, तापमान १०५ फॅरनहाइट म्हणजे साधारण ४०.५ सेल्सिअस, आणि आर्द्रता ४० टक्के. (या क्रमावर त्यांनी मालकी सांगितली होती. आसनांच्या क्रमावर कॉपीराइट असू शकत नाही, असं अमेरिकी न्यायालयाने २०१५ मध्ये सुनावलं.) आता बहुतेक ठिकाणी ६० मिनिटांचे, ३२ ते ३८ अंशांचे सौम्य वर्गही असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यातलाच एखादा निवडावा.

आपली त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून थंड असली की उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा ४० अंशांची झाली की ओघ उलटतो आणि खोलीच आपल्याला तापवू लागते. मग सुटकेचा एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. घाम येणं नव्हे, वाळणं. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं म्हणून. म्हणूनच नागपुरात माठ गार राहतो आणि दमट कोकणात तितका राहत नाही.

आता आकडे. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेला अगदी चिकटून असलेल्या हवेत दर घनमीटरला जवळपास ४० ग्रॅम वाफ असते. घाम किती झपाट्याने वाळेल हे ढोबळमानाने या ४० ग्रॅममधून भोवतालच्या हवेतली वाफ वजा करून कळतं. नागपूरची ४५ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्यात १० ग्रॅम वाफ असते, म्हणजे फरक ३० चा. हॉट योगाच्या खोलीत ४० अंश आणि ४० टक्क्यांना २० ग्रॅम, फरक २०. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्क्यांना तब्बल २५ ग्रॅम, फरक फक्त १५. म्हणजे घाम वाळण्यापुरतं बोलायचं तर मुंबईची हवा हॉट योगाच्या खोलीहून वाईट. पण ती त्वचेहून थंड असते, म्हणून निभावतं.

खरी गंमत वर्ग सुरू झाल्यावर होते. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद, तीन मीटर उंच खोली धरा, म्हणजे २४० घनमीटर. ४० अंशांच्या हवेत दर घनमीटरला जास्तीत जास्त ५१ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या खोलीत सुमारे सव्वाबारा लिटर पाणी. ४० टक्के आर्द्रतेमुळे त्यातलं जवळपास पाच लिटर आधीच हवेत आहे. उरली जागा सव्वासात लिटरची. वीस जणांनी प्रत्येकी अर्धा लिटर घाम वाळवला तर दहा लिटर होतात! खोली बंद असेल तर हिशेब जुळतच नाही. आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की मघाचा २० चा फरक ९ वर येतो, म्हणजे गारवा मिळण्याचा वेग निम्म्याहून कमी. भिंतीवरचा थर्मामीटर मात्र ४० च दाखवत असतो.

म्हणून नाव नोंदवण्याआधी ‘तापमान किती’ एवढ्यावर थांबू नका. आर्द्रतामापक आहे का, बाहेरची ताजी हवा आत येते का, एक्झॉस्ट चालू असतो का, हे विचारा. शक्य असेल तर दिवसाची पहिली बॅच घ्या, कारण लागोपाठच्या बॅचमध्ये आधीच्यांची वाफ तुमच्या वाट्याला येते. दारापाशी, मागच्या रांगेत उभं राहा, हीटरच्या झोतात नको.

शरीराचा जमाखर्चही असाच मांडता येतो. ६० किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मोजणी झाली, तेव्हा ९० मिनिटांच्या वर्गात स्त्रियांचा सरासरी खर्च ३३० आणि पुरुषांचा ४६० किलोकॅलरींच्या आसपास निघाला. ‘एका वर्गात हजार कॅलरी’ या जाहिरातीचं काय ते इथेच उरकून घ्या. आपण ३५० धरू. तापलेल्या हवेने वर शंभरेक दिल्या, झाल्या ४५०. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर ५८० किलोकॅलरी नेतो, म्हणजे पाऊण लिटरहून थोडा जास्त घाम वाळायला हवा. वाळायला, बरं का! मॅटवर टपकलेला थेंब किंवा टॉवेलने टिपलेला घाम त्वचेवरून काहीच उष्णता उचलत नाही. तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. म्हणून दर दोन मिनिटांनी अंग पुसू नका. डोळ्यांत उतरणारा आणि तळहातांवरचा तेवढा टिपा.

कपड्यांचंही तेच. जाड सुती टीशर्ट घाम शोषून चिंब होतो आणि अंगाला चिकटून राहतो. पातळ, अंगासरशी, लवकर वाळणारा कपडा घाला आणि जितकी त्वचा उघडी ठेवणं बरं वाटेल तितकी ठेवा. अंगाला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका, हात निसटतात. मॅटवर मॅटच्याच लांबीचा टॉवेल अंथरा. मायक्रोफायबरचा असेल तर हातापायांच्या जागी आधी थोडं पाणी शिंपडा, कोरडा असताना तो सरकतो.

पाणी सकाळपासून प्या, दारात उभं राहून गटागटा नको. वर्गाच्या चार तास आधी किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे ६० किलोला ३०० ते ४०० मिलिलिटर. नंतर लघवी गडद वाटली तर आणखी थोडं. जेवण दोन-तीन तास आधी आटोपा. उष्णतेत हृदयाला भरपूर रक्त त्वचेकडे पाठवावं लागतं, त्यात पोटाची मागणी नको. वर्गात घोट घोट प्या. आधी आणि नंतर वजन करा, ओले कपडे उतरवून. मध्ये प्यायलेलं पाणीही हिशेबात धरा. जितकं वजन घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत प्यायचं. एका लिटर घामात साधारण एक ते साडेतीन ग्रॅम मीठ जातं, त्यामुळे नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत उत्तम.

घामातून ‘विषद्रव्यं’ निघतात म्हणे. घाम जवळपास ९९ टक्के पाणी आहे. गाळायचं काम मूत्रपिंडं करतात, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून. आणि परंपरेचा हवाला द्यायचा असेल तर हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात श्रमाने आलेला घाम अंगालाच चोळायला सांगितलं आहे!

चक्कर बहुधा दोन ठिकाणी येते, पादहस्तासनातून (उभं राहून पुढे वाकण्यातून) वर येताना आणि उष्ट्रासनानंतर (गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकल्यावर). त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, रक्त पायांत साचतं, मेंदूचा पुरवठा क्षणभर कमी पडतो. सावकाश वर या, डोकं सर्वांत शेवटी उचला, गरगरलं की बसा. मांडीमागचे स्नायू आज जास्त ताणले जातात म्हणून हुरळू नका. ऊबेमुळे दुखणं उशिरा कळतं आणि अस्थिबंध (हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा) ताणला गेल्याचं दुसऱ्या दिवशी उमगतं. गरोदरपण, हृदयविकार, लघवी वाढवणाऱ्या किंवा बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही.

‘घाम येतोय म्हणजे सगळं ठीक’ हा समज धोक्याचा आहे. श्रमातून झालेल्या उष्माघातात घाम चालूही असतो. कुणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर शवासनात पडू देऊ नका. बाहेर काढा, अंगावर गार पाणी ओता, बर्फ लावा, पंखा घाला आणि १०८ ला फोन करा.

शरीर उष्णतेला सरावायला एक ते दोन आठवडे घेतं, तेही जवळपास रोज गेलं तर. आधी रक्तातलं द्रव वाढतं, मग घाम लवकर सुरू होतो. पुढे घामनलिका सोडियम परत ओढून घेऊ लागतात आणि ओठांवर ओघळलेला घाम पहिल्या दिवसाइतका खारट लागत नाही.