मॉरिशसचे राष्ट्रपती, मालदीवचे राष्ट्राध्यक्ष

२०२५ साली भारताचे पंतप्रधान हिंदी महासागरातल्या दोन देशांच्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून गेले. १२ मार्चला मॉरिशस, २६ जुलैला मालदीव. आजही या दोन देशांपैकी कोणाचंही नाव निघालं की घराघरांतल्या ग्रुपवर तीच खिचडी शिजते: "हेच ना ते, ज्यांनी आपले सैनिक परत पाठवले?"

मॉरिशसबद्दल विचारत असाल तर नाही, ते हे नव्हेत. सैनिक परत पाठवले मालदीवने, १० मे २०२४ ही मुदत घालून. त्यांच्या जागी भारताने मालदीवला दिलेली विमानं आणि हेलिकॉप्टरं सांभाळायला भारताचेच बिनलष्करी तंत्रज्ञ गेले, हे मात्र पुढे ढकललेल्या मेसेजात सहसा नसतं. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला अगालेगा बेटावर भारताने बांधून दिलेली धावपट्टी आणि जेट्टी सुरू झाली. अगालेगा मॉरिशसचं. दोन देशांच्या दोन उलट्या बातम्या काही आठवड्यांच्या अंतराने आल्या आणि आपल्याकडे त्या एकाच खात्यावर जमा झाल्या.

मालदीव तुम्हाला ठाऊक आहे. फोटोंतून तरी नक्कीच. सुमारे १,१९० प्रवाळबेटं, त्यांतल्या दोनशेच्या आत-बाहेर बेटांवरच स्थानिक वस्ती, सगळी जमीन गोळा केली तर जेमतेम ३०० चौरस किलोमीटर, आणि ती उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किलोमीटर लांबीवर विखुरलेली. जमिनीची सरासरी उंची दीड मीटर. नदी नाही, डोंगर नाही. राजधानी मालेचं पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून मिळतं. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्रकल्पाला आग लागली तेव्हा भारताला विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवावं लागलं होतं. एवढं पुरे.

मॉरिशस हा ज्वालामुखीने वर आणलेला डोंगर आहे. मुख्य बेट एकटंच सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे सगळ्या मालदीवची जमीन त्यात सहा वेळा मावेल. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. मध्यभागी पठार, त्यावर क्युरपीपसारखी पावसाळी, दमट गावं, खाली उसाची शेतं, नद्या, धबधबे, धरणं. कडेने प्रवाळाची रांग आहे म्हणून आतलं पाणी उथळ आणि निळं दिसतं, आणि त्या निळ्या पट्टीमुळेच सगळा घोळ होतो. जाहिरातवाले फोटो त्या पट्टीचेच काढतात. कॅमेरा मागे वळवला की ऊस आणि डोंगर दिसतात.

दोघांमधलं अंतर ३,००० किलोमीटरहून जास्त. मालदीव विषुववृत्तावर बसलेलं, मुंबईहून साधारण १,६५० किलोमीटर. मॉरिशस मकरवृत्ताच्या जरा अलीकडे, मुंबईहून सुमारे ४,७००. 'शेजारी बेटं' म्हणणाऱ्यांना एकच सवलत द्यायला हवी, ती चागोसची. हा द्वीपसमूह मालदीवच्या दक्षिण टोकापासून जेमतेम ५०० किलोमीटरवर आणि मॉरिशस बेटापासून २,००० किलोमीटरहून दूर, पण हक्क मॉरिशसचा. ब्रिटनने १९६५ साली, स्वातंत्र्य देण्याआधी, तो मॉरिशसपासून तोडून घेतला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बेकायदा असल्याचं मत दिलं आणि मे २०२५ मध्ये तो मॉरिशसला परत देण्याच्या ब्रिटन-मॉरिशस करारावर सह्या झाल्या. या चागोसमुळेच मॉरिशस आणि मालदीव यांच्यात सागरी हद्दीचा खटला उभा राहिला आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने ती हद्द आखून दिली. नकाशावर चागोस जवळ दिसतो म्हणून तो मालदीवच्या नावावर लिहू नका.

आता मुद्द्याचं. भूगोल चुकला तर नकाशा पाहून दुरुस्त होतो. राज्यकारभार चुकला की बातमीच उलटी वाचली जाते.

इंग्रजीत दोन्ही देशांच्या प्रमुखाला 'प्रेसिडेंट' म्हणतात. हिंदीत दोघेही 'राष्ट्रपति'. मराठीने मात्र दोन शब्द जपले आहेत: दिल्लीतले ते राष्ट्रपती, वॉशिंग्टनमधले ते राष्ट्राध्यक्ष. एक सही करतो, दुसरा राज्य करतो. इतका सोयीचा फरक हातात असताना मराठी बातम्यांत 'मालदीवचे राष्ट्रपती' आणि 'मॉरिशसचे राष्ट्राध्यक्ष' असं उलटंसुलटं छापलं जातं, तेव्हा ती हिंदी किंवा इंग्रजी बातमीची घाईतली उतरण आहे हे लगेच कळतं. सरळ नियम असा: मॉरिशसचे राष्ट्रपती, मालदीवचे राष्ट्राध्यक्ष.

मालदीवमध्ये पंतप्रधान हे पदच १९७५ पासून नाही. राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. २०२३ मध्ये तसंच झालं आणि मोहम्मद मुइझ्झू निवडून आले. मुदत पाच वर्षं, जास्तीत जास्त दोन वेळा. संसदेला मजलिस म्हणतात, २०२४ पासून तिच्यात ९३ जागा. मजलिस मंत्र्यांच्या नेमणुकीला मंजुरी देते, पण तिथे बहुमत नसलं म्हणून राष्ट्राध्यक्ष घरी जात नाही. त्याला काढायचं तर दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणून मालदीवचं परराष्ट्र धोरण एका निवडणुकीत इकडचं तिकडे होऊ शकतं. माणूस बदलला की दिशा बदलली.

मॉरिशसमध्ये राष्ट्रपती जनता निवडत नाही. पंतप्रधानाने मांडलेल्या प्रस्तावावर नॅशनल असेंब्ली, म्हणजे तिथली संसद, मतदान करते आणि एकूण सदस्यांच्या बहुमताने काम होतं. आपल्याकडे निदान आमदारही मत देतात. तिथे तेवढंही नाही. राष्ट्रपती विधेयक फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतो, पण ते पुन्हा मंजूर होऊन आलं की सही करावीच लागते. सत्ता कुठे आहे हे कळायला अनिरुद्ध जगन्नाथ यांची कारकीर्द पुरेशी आहे. ते आधी पंतप्रधान होते. २००३ मध्ये राष्ट्रपती झाले. २०१२ मध्ये ते सर्वोच्च पद सोडून पुन्हा पक्षाच्या राजकारणात उतरले आणि २०१४ च्या शेवटी परत पंतप्रधान झाले. वरचं पद सोडून खालच्यासाठी धडपडणारा माणूस वेडा नसतो. खरं पद कोणतं हे त्याला माहीत असतं.

सध्या तिथे नवीनचंद्र रामगुलाम पंतप्रधान आणि धरम गोकुल राष्ट्रपती आहेत. ९ जून २०२४ ला दिल्लीत झालेल्या पंतप्रधान मोदींच्या शपथविधीला मालदीवहून राष्ट्राध्यक्ष आले होते आणि मॉरिशसहून पंतप्रधान, तेव्हाचे प्रविंद जगन्नाथ. तो मानापमानाचा प्रकार नव्हता. दोन्हीकडून आला तो राज्य चालवणाराच.

मॉरिशसची निवडणूकही आपल्यासारखी नाही, आणि 'तिथे सगळं भारतासारखंच' म्हणणारे इथे हमखास अडखळतात. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून असेंब्लीचे तीन सदस्य. रॉड्रिग्ज बेटावरून दोन. एकूण ६२. मतदाराने एकाला नव्हे, तिघांना मत द्यायचं, आणि तिन्ही मतं द्यायचीच. दोनच खुणा केल्या तर मतपत्रिका बाद. यामुळे आघाड्या तीन-तीन उमेदवारांची मोळी बांधतात आणि लाट आली की ती अख्खी मोळी निवडून येते. १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन निवडणुकांत मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच बाजूला गेल्या.

मग विरोधी बाकांवर बसतं कोण? त्यासाठी तिथे 'बेस्ट लूजर' नावाची सोय आहे. हरलेल्यांपैकी चांगली मतं मिळवलेल्या जास्तीत जास्त आठ जणांना निवडणूक आयोग असेंब्लीत घेतो. पहिल्या चार जागा कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांना, पक्ष न पाहता. पुढच्या चार समाज पाहूनच, पण पक्षांचं बलाबल बिघडणार नाही अशा बेताने. समाज चारच: हिंदू, मुस्लीम, चिनी, आणि यात न बसणारे सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. उमेदवाराने अर्जावर आपला समाज लिहायचा. गोम अशी की १९८२ नंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं, त्यामुळे आजही हिशेब १९७२ च्या आकड्यांवर चालतो. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने या सक्तीवर बोट ठेवलं आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती समाज न लिहिण्याची मुभा दिली गेली. या सोयीला नुसती 'राखीव जागा' म्हणणं साफ चूक आहे. आपल्याकडे राखीव मतदारसंघ निवडणुकीआधी ठरतो. तिथे निकाल लागल्यावर वजनकाटा लावतात.

लोकांच्या बाबतीत मॉरिशसला 'छोटा भारत' म्हणण्याची जी हौस आहे, ती जरा आवरायला हवी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, त्यात हिंदू निम्म्याच्या किंचित आत. घरात आणि बाजारात भाषा क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली बोली, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, असेंब्लीची अधिकृत भाषा इंग्रजी. नोटांवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या आधी छापली गेली, तमिळ समाज खवळला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. इतक्या बारकाईने जिथे तोल सांभाळतात त्या देशाला आपण परस्पर आपल्या नावावर करून टाकतो.

१८३४ पासून भारतातून मॉरिशसला मजूर गेले त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातले आणि घाटावरचेही होते. त्यांच्या वंशजांची वेगळी मराठी ओळख टिकली आहे: शाळेत मराठी शिकता येते, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये पुढचं शिक्षण होतं, आपल्या जाखडीशी नातं सांगणारी 'झाकरी' नाचतात. निवडणुकीच्या कागदावर ते 'हिंदू' रकान्यात मोजले जातात, पण रोजच्या बोलण्यात तिथे 'हिंदू' म्हणजे बहुतेकदा भोजपुरी-हिंदी मुळांचे. मराठी, तमिळ, तेलुगू यांची नावं वेगळी घेतात. 'तुम्ही हिंदू की मराठी?' हा प्रश्न पुण्यात विचित्र वाटेल, मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईमध्ये नाही.

मालदीवमध्ये हा गुंता नाही. राज्यघटनेनुसार नागरिक मुस्लीमच असू शकतो, आणि राष्ट्राध्यक्ष सुन्नी असायला हवा. भाषा दिवेही, लिपी थाना, उजवीकडून डावीकडे. ही भाषा सिंहलीची बहीण, म्हणजे दूरच्या नात्याने मराठीचीही. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला तिचाच एक प्रकार बोलतात. कड्यासारख्या प्रवाळबेटासाठीचा 'अॅटॉल' हा जगभर चालणारा शब्दही दिवेहीतलाच.

तारखा लक्षात ठेवायच्या तर मॉरिशससाठी एकच पुरते: १२ मार्च. १९६८ ला स्वातंत्र्य, १९९२ ला त्याच दिवशी प्रजासत्ताक. मालदीवचं स्वातंत्र्य २६ जुलै १९६५, प्रजासत्ताक ११ नोव्हेंबर १९६८.

आता फिरायला जाणाऱ्यांसाठी. मालदीवमध्ये एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. विमानतळापासून तिथवर बोट किंवा सीप्लेनचा खर्च वेगळा धरा. सीप्लेन अंधारात उडत नाही, म्हणून संध्याकाळी पोचणारं तिकीट काढलं तर एक रात्र माले किंवा शेजारच्या हुलुमालेला जाते. मॉरिशसमध्ये गाडी भाड्याने घ्या, रस्ते आपल्यासारखेच डाव्या बाजूने. विमानतळ आग्नेयेला आहे आणि पर्यटकांचं ग्रां बे उत्तरेला, तासाभराहून जास्त लागतो. जून ते सप्टेंबर तिथे हिवाळा. पूर्व किनाऱ्यावर तेव्हा वारा सुटतो, म्हणून पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाककडे राहा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ. तिसऱ्या दर्जाचा इशारा लागला की बस आणि दुकानं बंद. 'मे-जूनमध्ये दोन्हीकडे ऑफ सीझन' असं सांगणारा एजंट बदला: मालदीवला तेव्हा पावसाळी वारे असतात, मॉरिशसला कोरडी, सुखद हवा.

आणि बॅग भरताना पाहा. मॉरिशसमध्ये रम स्थानिक उसाची आणि दुकानात मिळते. मालदीवमध्ये दारू फक्त रिसॉर्टवर आणि पर्यटक बोटींवर. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधली बाटली मालेच्या कस्टम्सला ठेवून घेतात आणि परतताना देतात. पूजेच्या मूर्तींनाही तिथे मनाई आहे, त्यामुळे प्रवासात सोबत असलेला छोटा गणपती घरीच ठेवा. मॉरिशसला तो खुशाल न्या. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.